गल्लीतलं वाळवण

निम्मा आठवडा मी उरणच्या घरूनच ऑफिसचं काम करतो. याचा आनंद समोरच्या काकींइतका माझ्या घरच्यांनाही नाही. सकाळी कडेवर टोपली घेऊन त्या विचारतात, "आज गाडी काढतंस का?" नाही म्हटलं की गल्लीच्या कडेला जुनी साडी पसरून तिच्यावर जवळा, ती इवलीशी कोळंबी, वाळत घालतात. माझी गाडी निघाली की धूळ उडते आणि जवळा खाताना दाताखाली कचकचतो. म्हणून मी ऑफिसला गेलो की वाळवण घरातच राहतं.

बंदराकडचा रस्ता ट्रेलरनी तुंबला की टेम्पो आमच्या गल्लीत घुसतात आणि त्यांचा धूर थेट माझ्या खिडकीत येतो. एकदा भर मीटिंगमध्ये मला खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना; समोर काकींच्या उंबऱ्यापर्यंत आवाज गेला. दुसऱ्या दिवशी काकींची साडी गल्लीच्या कडेवरून मधोमध आली. कुणी हॉर्न वाजवला की उंबऱ्यावरूनच विचारतात, "खायचं हाय ते. तुडवशील का?" खाण्यावर चाक घालणारा आमच्याकडे अजून जन्मायचाय. सगळे गुमान गाडी मागे घेतात. हल्ली मी खिडकी उघडीच ठेवतो.

काल आभाळ भरलं होतं. तरीही काकींनी साडी पसरली, कोपऱ्यांवर दगड ठेवले, कावळ्यांसाठीचं जाळंही वर टाकलं. खाली जवळा मात्र नव्हताच.

"काकी, ऊन कुठंय?" मी खिडकीतून विचारलं.

"ऊन न्हाय," त्या म्हणाल्या, "पन तू हायस ना घरात."