डाव्या कानातला खडा

तांबोशीच्या डोक्यात, मेंदूच्या दोन्ही बाजूंना, एकेक पांढरा खडा असतो. त्याच्या जोरावर मासा ऐकतो आणि पाण्यात तोल सांभाळतो. डावा आणि उजवा खडा वजनाला जवळजवळ सारखे असतात. ते फार वेगळे निघाले तर मासा वाढताना त्रासात होता, पाणी खराब होतं, असं काही अभ्यासक मानतात. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला मी हा विषय घेतला तो या शेवटच्या वाक्यासाठी. खड्यांशी मला देणंघेणं नव्हतं. पाण्यात घाण सोडणाऱ्यांविरुद्ध मला पुरावा हवा होता.

घरच तसं होतं. वडील सातपूरच्या एका कारखान्यात कामगार होते आणि संघटनेची पत्रकं लिहायचे. त्या गुलाबी-पिवळ्या कागदांवर मी अक्षरं जुळवायला शिकले. इतर मुलींना गोष्टी पाठ होत्या, मला मागण्या पाठ होत्या.

नाशिकला समुद्र नाही. खडकांत आणि प्रवाळांत राहणारी तांबोशी आमच्याकडे बर्फात घालून टेम्पोने येते. अख्खा मासा माझ्या ऐपतीबाहेरचा, पण इथलं गिऱ्हाईक डोकं नको म्हणतं. जुन्या नाशकातल्या मासळी बाजारात एक मावशी ती डोकी माझ्यासाठी बाजूला ठेवायच्या.

"आली बघा डाक्टरीण. लोकं मासा नेत्यात, ही मुंडकी नेती. आज कोनाचा कान दुखतोय?"

ती पिशवी घेऊन मी कॉलेजात जायचे, खडे काढायचे, धुऊन वाळवायचे आणि काचेच्या पेटीतल्या वजनकाट्यावर ठेवायचे. वाऱ्याने आकडा हलतो म्हणून पंखा बंद. घाम पुसत मी प्रत्येक खडा तीनदा मोजला. आणि दर वेळी डावाच हलका! एकदोन माशांत नाही, जवळजवळ सगळ्यांत. डाव्याची मागची कड जरा कुरतडल्यासारखी दिसायची. तीही मी त्रासाची खूणच मानली.

माझे मार्गदर्शक सर खूश झाले. त्यांनी लगेच एका परिसंवादाला सारांश पाठवला. मी त्याहून घाई केली. पंचवटीतल्या एका छोट्या छापखान्यातून पत्रक छापून आणलं. मथळा होता, 'समुद्र बहिरा होत आहे!'

वडिलांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"आपल्या कारखान्यांची घाण गोदावरीत, आणि ती पूर्वेला जाते ना गं? ही मासळी तर पश्चिमेच्या समुद्रातली."

"समुद्र एकच असतो, बाबा."

"असेल. आकडे तपासलेस?"

"तीनदा."

"मग वाट पत्रकं."

दुसऱ्या दिवशी वाटायला निघणारच होते. पण आधी बाजारात गेले, तर मावशी लग्नाला देवळ्याला गेलेल्या आणि त्यांच्या जागी सून बसलेली. तिने दिलेली सहा डोकी उघडली. सहाही माशांत उजवा खडा हलका निघाला.

खडे ठेवायच्या कागदी पुड्यांवर मी डावं-उजवं उलटं लिहिलं असणार असं वाटून स्वतःवरच चिडले. पुढचे दोन दिवस प्रत्येक पुडीवर आधी लिहून मग खडा काढला. तरी उजवाच हलका. पत्रकांचा गठ्ठा कॉटखाली तसाच राहिला.

मावशी परत आल्या त्या दिवशी मी नुसती बघत उभी राहिले. दोघी शेजारी शेजारी कापत होत्या. मावशी माशाचं तोंड आपल्या डाव्या हाताला करून ठेवत होत्या. सून डावखुरी, तिचा मासा उलट्या दिशेला. एकीकडे माशाची डावी बाजू वर, दुसरीकडे उजवी. आणि दोघींचा सुरा वरून, डोक्याकडे कललेला, कवटीच्या मागच्या कडेला घासत उतरत होता.

"मावशी, सुरा असा तिरपा का धरता?"

"मग? मानंचं मांस मुंडक्यासंगं जाऊ देऊ? गिऱ्हाइकानं पैशे मांसाचे दिले हायेत. मी नाय कोनाला फसवत."

कॉलेजात जाऊन भिंगाखाली पाहिलं. जी बाजू वर असायची त्या बाजूच्या खड्याची कड ताजी तुटलेली होती. माशांच्या समुद्रातल्या त्रासाचा त्यात काही संबंध नव्हता. मावशींचा प्रामाणिकपणा मी मिलिग्रॅममध्ये मोजला होता.

सरांना सांगितलं. ते कागदावरून मान न उचलता म्हणाले, "सुनेची डोकी काढून टाक. बाकीचे आकडे सुरेख आहेत."

"सुरेख आहेत कारण मावशींचा हात पक्का आहे, सर."

"परीक्षक काय मासळी बाजारात पाटावर येऊन बसणार आहे का? सारांश गेलाय. आता सगळं नव्याने करायचं तर वर्ष जाईल तुझं. माझी सही त्यावर मिळणार नाही, सांगून ठेवतो."

मी भांडले. कारखान्याच्या गेटवर भांडतात तशी, मोठ्या आवाजात. जिना उतरताना मात्र राग सरांवर टिकेना. डोकी कोण कापतं, कशी कापतं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मालकांचे खोटे आकडे पकडण्यात माझं लहानपण गेलं, आणि हा आकडा मला हवा तसा होता म्हणून त्याला मी साधा प्रश्न केला नाही. तीनदा मोजण्याचा तोरा तेवढा मिरवला.

दुसऱ्या दिवशी मावशींना म्हटलं, "आजपासून डोकं जरा मागून कापा."

"आन गिऱ्हाइकाच्या शिव्या तू खाशील? त्यापरीस मी कापायच्या आधी काय काढायचं ते काढून घे. हितं बस. पन गर्दी झाली की उठायचं."

तेव्हापासून रोज सकाळी मी त्यांच्या शेजारी पाटावर बसते. मासा उलटा करून, कल्ल्यांच्या आतून चिमट्याने खडे काढते. पुड्यांसाठी घरून पत्रकं आणते, चौकोनी फाडून. माणसं वाकून बघतात.

"ही काय काढतेय?"

"कानातला मळ," मावशी म्हणतात. "तुमचाबी काढून देईल, बसा."

आतापर्यंतच्या जोड्यांत डावा आणि उजवा जवळपास सारखे आहेत. सरांची सही नाही. परीक्षेला बसता येईल की वर्ष जाईल, हे कोणी सांगत नाही.

परवा एका गिऱ्हाइकाने माझ्या हातातल्या पुडीवरचा मथळा मान वाकडी करून वाचला. "समुद्र बहिरा होत आहे? खरं का हो?"

आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याच पत्रकाबद्दल म्हणाले, "अजून माहीत नाही."

मावशींनी सुरा थांबवला. "मंग छापलं कशाला गं?"

मी पुडी उलटी केली, कोऱ्या बाजूवर 'डावा' लिहिलं आणि खडा आत ठेवला.