हूक काढलेली गाडी अन् मायचा त्रिशूल

महादेव आपल्याले बोलावतो म्हणतात. पण त्या वर्षी तो मले बोलावून राहिला होता, का मीच जबरदस्तीनं त्याच्या दारात गाडी घालून राहिलो होतो, हे मले घरी परतेपर्यंत समजलं नव्हतं. आमच्या इतवारीतल्या गल्लीतून शिवरात्रीच्या आधी पोहे निघायचे, म्हणजे महादेवाले पायी जाणाऱ्यांचे जत्थे. खांद्यावर त्रिशूल, कपाळभर भस्म, अन् डफ असा वाजायचा का आमच्या घरचे टिनं हालायचे. सारी गल्ली ओट्यावर यायची, अन् माही माय तेवढी आत जाऊन बसायची. स्टोव्हले उगाच पंप मारत राहायची. काहून, ते मले माहीत होतं. मी लहान असताना मले मुदतीचा ताप आला होता, डॉक्टरनं हात टेकले होते, तेव्हा मायनं बोलून टाकलं होतं, पोट्टा वाचला तं त्याच्याएवढा त्रिशूल माह्या हातानं महादेवाच्या चौरागडावर वाहीन, पहिल्या पायरीपासून, जुन्या वाटेनं. पोट्टा वाचला. मंग बाबा गेले, मंग शिलाई मशीन, मंग मायचे गुडघे. दोन वर्षांपासून तं ती भिंत धरल्याशिवाय उभी राहत नव्हती.

अन् गंमत पाहा, नवस "त्याच्याएवढा" होता! तेव्हा मी मायच्या कमरेलेही लागत नव्हतो. आता लोहारानं मले भात्यापाशी सरळ उभं करून माप घेतलं अन् म्हणे, "बाप्पा, हा त्रिशूल का लाइटीचा खांबा?" तयार झाला तेव्हा तो दारातून सरळ आत येईना. मी मायले म्हटलं, लहान बनवू, महादेव काही फीत घेऊन बसला नाही. माय म्हणे, "तो नाही बसला, मी बसलो हावो."

मी तेव्हा एका गॅरेजात काम करायचो. मिलिटरीच्या लिलावातली एक जुनी पिकअप मालकाच्या अंगणात सडत पडली होती, ती मी मागून घेतली. अन् मंग काय सांगू! रोजचं काम आटोपलं का मी तिच्याच खाली. कमानीले जास्तीचे पाटे घातले, गाडी वीतभर उचलली. ट्रकच्या भंगारातून मोठे दाताचे टायर शोधले, फोर व्हीलचा गिअर खोलून साफ केला, दोन्ही बाजूले पाण्याचे डबे बसवाले पट्ट्या मारल्या, वर ताडपत्रीचा मांडव टाकला. मागं मायसाठी भंगारातल्या बसचं सीट, स्प्रिंगवालं, चार बोल्टांवर बसवलं, का धक्का लागला तं सीटले लागावा, तिले नाही. तिले चढता यावं म्हणून मागचा हूक कापून तिथं पायरी जोडली.

राहिला त्रिशूल. आमच्या घरची रीत अशी आहे का, नवसाचा त्रिशूल एकदा घरून उचलला का वर वाहेपर्यंत जमिनीवर टेकवाचा नाही. चालणारे तो खांद्या-खांद्यावरून नेतात. गाडीत मी तो कुठं धरू? मले असं सुचलं का मी एकटाच नाचलो. समोर मधोमध, ओढाचा हूक होता ना, तो काढून टाकला अन् त्याच जागी चेसिसले एक जाड उभा पाइप वेल्ड केला. त्यात त्रिशूल खोचला. गाडी अशी दिसे का जसा नंदीच शिंगं वर करून उभा आहे. माहा दोस्त सदू, जो संगं येणार होता, त्यानं चारी बाजूंनी फिरून पाहिलं अन् म्हणे, "अबे, समोरचा हूक नाही, मागचा नाही. फसली तं ओढाची कशाले धरून?" मी म्हटलं, "आपली गाडी ओढाले कोणी लागणारच नाही, सद्या. तू फक्त नारळ धर."

सावनेरच्या पुढं गेलो अन् गाडी अशी चालली का मी गाणे म्हणून राहिलो होतो. घाटात दुसऱ्या गाड्या धापा टाकून राहिल्या, आमची मस्त. जुन्नारदेवले पहिली पायरी म्हणतात त्या देवळापाशी मायनं गाडीतूनच हात जोडले. तिथून जुनी वाट. दगडं, नाले, सागाचं जंगल. बैलगाड्यावाले थांबून पाहत. मायनं एकदाच विचारलं, "गाडी जिथं थांबन, तिथून वर त्रिशूल कोण नेईन गा?" मी म्हटलं, मी नेतो, तू खालून हात जोड. नवस तं तिच्या हातचा होता. मलेही ते टोचून राहिलं होतं, पण मी ॲक्सिलेटर दाबला. गाडी इतकी मस्त चालून राहिली होती, बाकीचं होईन कसंतरी, असं वाटलं.

भुराभगतच्या ठाण्याच्या अलीकडं नदी लागली. पाणी पोटरीएवढंही नाही. सदू म्हणे उतरून पाहू, मी म्हटलं पाहाचं काय, अन् घातली. मधात गेलो अन् समोरचे दोन्ही चाकं रेतीत असे गेले, जसा चमचा साखरेत. गिअर टाकला, अजून खाली. अॅक्सल पुरा बुडला, बंपर पाण्याले लागला. दोर गाडीत होता, नवा कोरा. पण बांधाचा कुठं? बंपर पातळ पत्र्याचा. चेसिसले धरून असलेली मजबूत चीज एकच वर होती, तो पाइप. अन् त्या पाइपात मायचा त्रिशूल. ओढताना पाइप हालला तं त्रिशूल सरळ नदीत, अन् काढून कुठं टेकवाचा तं नाही. सदू माह्याकडे पाहून राहिला होता. हसला नाही, ते जास्त लागलं. मी पाण्यात उभा राहून पहिल्यांदा मनात म्हटलं, महादेवा, माही अक्कल संपली, आता तू पाह.

तेवढ्यात डफ ऐकू आला. मागून एक पोहा उतरून राहिला होता, खेड्यातले लोकं, पाय धुळीनं भरलेले. समोर एक म्हातारी, काळीसावळी, डोक्यावर पदर खोचलेला, हातात डफ. तिनं गाडी पाहिली, त्रिशूल पाहिला, मायले पाहिलं अन् जशी घरचीच असावी तशी म्हणाली, "बाई, उतर खाली. वजन कमी होईन."

मी म्हटलं, "बाई, तिच्यानं उभं राहवत नाही."

"तुले कोणं विचारलं गा? तू गाडी पाह."

तिनं अन् पोह्यातल्या एका भगतानं मायले उतरवलं, पाण्यात. मी त्रिशूल पाइपातून काढला अन् कोणाले देऊ म्हणून पाहून राहिलो. सारे दोराले लागले होते. मी म्हातारीपुढं केला तं ती मागं सरकली. "मी काहून धरू? जिचा नवस तिनं धराव." मी म्हटलं, माय उभी राहिली तं त्यावर भार देईन, टेकन तो खाली. म्हातारी म्हणे, "वाहत्या पाण्यात टेकलं त्याले टेकणं म्हणत नाही. दे तिले." मायनं माह्या हातून त्रिशूल ओढूनच घेतला.

दोर पाइपाले बांधला, मी स्टेअरिंगवर, सदू मागून धक्का द्याले, अन् साऱ्या पोह्यानं हर हर महादेव करून अशी ओढ मारली का गाडी रेतीतून उपटून निघाली अन् पलीकडच्या काठावर चढली. लोकं टाळ्या पिटून राहिले. मी वळून पाहिलं तं नदीच्या मधात माही माय एकटी उभी. भिंत नाही, कोणाचा हात नाही. दोन्ही हातांत माह्याएवढा त्रिशूल. म्हातारी जवळच होती, पण हात मागं बांधून. मी उडी मारली.

"थांब!" माय ओरडली. "येतो मी."

अन् ती आली. त्रिशूल पाण्यात रोवत, एक पाय, मंग दुसरा. जिथं पाणी संपलं तिथं म्हातारीनं सदूले इशारा केला, त्यानं त्रिशूलाचं बूड हातावर झेललं, अन् मी मायले. ती हसून राहिली होती. मले रडू आलं, मी लपवलंही नाही.

म्हातारी तोपर्यंत गाडीत डोकावून सीट हालवून पाहत होती. "हे निघते का गा?"

चार बोल्ट. धुवाले निघावं म्हणून मी वेल्ड केलं नव्हतं, इतकंच. पोह्याच्या संगंच पुढं गेलो, अन् गाडीची वाट संपली तिथं गाडी राहिली. सीट दोन बांबूंवर बांधलं, त्यावर माय, मायच्या हातात उभा त्रिशूल, अन् बांबू पोह्याच्या खांद्यावर. एक टोक माह्या खांद्यावर होतं. चौरागडाच्या पायऱ्या चढताना खांदे बदलत गेले, कोणी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मोठे टायर, पाटे, गिअर, सारं खाली राहिलं. माह्या साऱ्या कारागिरीतलं वर गेलं ते एक भंगारातलं सीट.

वर मायनं स्वतःच्या हातानं त्रिशूल वाहिला. हजारो त्रिशुलांत तो उंच दिसे. ती महादेवाले म्हणाली, "घे बाप्पा. पोट्टा वाढला म्हणून उशीर झाला."

त्या म्हातारीच्या पाया पडाव म्हणून मी मागं वळलो तं डफ गर्दीत कुठंतरी वाजून राहिला होता. खूप शोधलं, भेटली नाही. ती कोण होती, यावर मी काही म्हणत नाही. मायचे गुडघे घरी आल्यावर पुन्हा सुजले, डॉक्टर ओरडले. पण आता पोहा गल्लीत आला का ती ओट्यावर खुर्ची टाकून बसते अन् साऱ्यांले गुळाचा चहा पाजते.

अन् मी? पाइप काढला, हूक परत लावला, समोर अन् मागंही. गाडी अजून भारी बनवून राहिलो, ते काही सोडलं नाही! पण नदी आली का आता मी उतरतो. पाणी पाहतो, आधीच दोर हुकाले अडकवून त्याचं मोकळं टोक बॉनेटवर ठेवतो. मंग हात जोडतो अन् गाडी घालतो.