बोरीच्या चक्कीतले धुके

परभणी स्टेशन मागे पडले तेव्हा पूर्वेला राखेच्या रंगाची एकच रेघ होती. दमणीत (छपराच्या हलक्या बैलगाडीत) कडब्यावर घोंगडी होती, तरी थंडी हाडांत उतरत होती. झरीच्या पुढे दवाने जड झालेली जोंधळ्याची कणसे मान खाली घालून उभी होती. बोरीला पोचेतो दिवस कलला.

बोरीत माझी बालमैत्रीण गया राहते. तिचा नवरा वैशाखात वारला. मागे उरली तेलाच्या इंजनावर चालणारी पिठाची चक्की. थंडी पडल्यापासून इंजन सकाळी सुरूच होईना. दिराने ते विकायला काढले होते. घेणारा दुसऱ्या दिवशी येणार होता.

सकाळी गड्यांनी जड चाक फिरवले. इंजनाने पांढरा, न जळलेल्या तेलाचा धूर ओकला आणि ते थांबले.

"वहिनी, बाईच्या हाताला वळखत न्हाई ते," दीर म्हणाला.

"मग तुमाला का वळखंना, भावजी? कालपासून तुमीच फिरवायलाव की," गया म्हणाली.

गडी हसले. गया हसली नाही. नवरा करायचा तशी तिने इंजनाची पिचकारी (तेल आत उडवणारे तोंड) काढली, नळीला जोडून बाहेर धरली आणि पंपाचा दांडा दाबला. सडातून दुधाची पडावी तशी तेलाची धार पडली. मग नवऱ्याने फडक्यात जपून ठेवलेली कोरी पिचकारी तिने जोडली. आता धार नव्हतीच. नुसते धुके उमलले, आमच्या तोंडच्या वाफेसारखे.

गयाने जुनी पिचकारी उजेडाकडे धरून तिचे भोक पाहिले.

"या इंजनाला ठिणगी नसती गं. दाबलेल्या हवेच्या गरमीनंच तेल पेटतं. थंडीत लोखंड ती गरमी पिऊन घेतं. मग धार पेटत न्हाई, धुकं पेटतं." तिचा आवाज खाली आला. "अन् मी रोज स्टोव्हच्या पिनेनं भोक साफ करीत व्हते. हे गेल्यापास्नं. त्यायच्या वस्तूत कचरा नको म्हणून. भोकच मोठं झालं."

कोरी पिचकारी बसली. चाक फिरले. एक ठोका, मग पोकळी, मग दुसरा. आणि छपराचे पत्रे थरथरू लागले. दिराने पट्टा चढवला.

"टाका जोंधळा, वहिनी."

घेणारा आला तेव्हा दारात टोपल्यांची रांग होती. तो चहा पिऊन परतला.

निघताना गयाने ती पिन माझ्या मुठीत ठेवली. "घेऊन जा. हाताला सवय लागलीय."

ओढा ओलांडेपर्यंत इंजनाचा ठोका पाठीशी होता. चक्की राहिली, याचा आनंद मनात होताच. पण उद्या पहाटे, नवऱ्याच्या वस्तूतला कचरा काढायचा नसताना, गयाचे हात काय करतील? पिन मुठीत ऊबदार झाली होती.