सोळा मात्रांची जागा

वाइंडरच्या टेबलाला तीन खण होते. वरच्यात पकडी, कात्री आणि तपासणीचा मीटर. मधल्यात तांब्याच्या तारेची रिळं, जाडीप्रमाणे लावलेली. सगळ्यात खालचा खण चार वर्षं कोणी उघडला नव्हता. तो उघडणं त्याच्या जिवावर यायचं.

गल्लीत त्याला सगळे वाइंडरच म्हणत. जळलेला पंखा किंवा पंपाची मोटर आली की तो आतली काळी पडलेली तार कापून काढायचा, जुने वेढे मोजायचा आणि तेवढेच नवे वेढे भरायचा. मोजत असताना कोणी बोलायला लागलं तर मान न उचलता एक बोट वर करायचा. समोरचा गप्प व्हायचा. तीस वर्षांत त्याचा वेढा चुकला नाही, असं गिऱ्हाइकं सांगत. तेही खोटं नव्हतं. फक्त आपण मोजतोय तेच दुसरंही कोणी मोजत असेल, हे एकदा त्याच्या लक्षात आलं नाही. त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

रविवारी दुपारी बागेशेजारच्या सभागृहात चौघांचा बँड वाजायचा. शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर अकॉर्डियनवर, एक शिंपी ड्रमवर, वाइंडरचा थोरला भाऊ क्लॅरिनेटवर आणि स्वतः वाइंडर इलेक्ट्रिक गिटारवर. थोरल्याला बँडमध्ये आणि बाहेर सगळे दादाच म्हणत. दादा सिमेंटच्या गोदामात स्टोअरकीपर होता. आठवडाभर पोती मोजायची आणि रविवारी पांढरा शर्ट घालून वाजवायला बसायचं. शिंपी म्हणायचा, "दादा, तुमच्या शर्टाची कॉलर मी उलटवून दिली म्हणून तुम्ही असे ऐटीत बसता. नाहीतर गोदामातलं पोतंच."

मास्तरांनी बांधलेली एक धून होती. तिच्या मधोमध क्लॅरिनेट एकच सूर सोळा मात्रा धरून ठेवायची आणि खाली बाकीचे स्वर बदलत जायचे. वरचा सूर तोच, पण आधी तो हसरा वाटायचा, मग थकलेला, मग घराची पायरी चढल्यासारखा. वाजवणारी माणसं गाण्यातल्या अशा ठिकाणाला जागा म्हणतात. ही दादाची जागा होती. लोक दर रविवारी तिची वाट बघत आणि ती संपेपर्यंत सभागृहात कोणी खुर्ची सरकवत नसे.

वाइंडरच्या गिटारचं दुखणं वेगळंच होतं. तार छेडली की सूर निघतो, आणि निघाल्या क्षणापासून मरायला लागतो. दादा त्याला चिडवायचा, "तुझ्या तारेला दमच नाही रे. बोलायला तोंड उघडते आणि गप्प बसते." मग एका वाढदिवसाला दादानेच एक चपटी डबी आणली. तळहातात मावेल एवढी, आत चौकोनी बॅटरी. ती उजव्या हातात धरून तारेच्या अगदी जवळ न्यायची, तारेला टेकवायची मात्र नाही. दोन बाजूंच्या तारांवर ती आपोआप बसते आणि मधली तार तिच्याखाली थरथरायला लागते. छेडायचं काहीच नाही. शांततेतून सूर हळूहळू वर येतो आणि डबी हलवेपर्यंत संपत नाही.

वाइंडरने आधी ती उघडून पाहिली. आत दोन गुंडाळ्या. एक तारेची हालचाल ऐकते, दुसरी त्याच हालचालीला चुंबकाने ढकलत राहते. झोपाळा बरोबर वेळेला ढकलावा तसं. "हे तर माझंच काम आहे," तो म्हणाला. "वेढेच आहेत नुसते."

"वेढे तुझे, पण दम माझ्याकडून शीक," दादा म्हणाला. आणि खरंच शिकवलं. सूर एकदम उघडायचा नाही. मध्ये थोडा फुगू द्यायचा. आणि मुख्य म्हणजे संपायच्या आत सोडायचा. "ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, अजून उरलाय. तुझी ही डबी थकत नाही, हाच तिचा दोष. कधी सोडायचं ते तिला कळत नाही. ते तू बघ."

दोन वर्षांनी तालमीत दादाचा सूर बाराव्या मात्रेला तुटला. मास्तरांनी चष्मा पुसला. शिंप्याने उगाच ड्रमचा एक स्क्रू घट्ट केला. दादा हसून म्हणाला, "सिमेंट आत जाऊन बसलंय. पाणी घातलं की भिंत तयार." सगळे हसले आणि वेळ मारून नेली.

पुढच्या रविवारी वाइंडरने कोणालाही न विचारता एक गोष्ट केली. दादाचा तो सूर गिटारच्या एका मोकळ्या तारेवर नेमका सापडत होता. अकराव्या मात्रेला त्याने डबी त्या तारेवर आणली आणि गिटारवरचं आवाजाचं बटण करंगळीने हळूच फिरवून वाढवलं. डबीचा सूर बराचसा क्लॅरिनेटसारखाच, काठ नसलेला. बाराव्या मात्रेला दादाचा श्वास संपला, पण सूर चालूच राहिला. दादाने क्लॅरिनेट ओठांवरून काढली नाही. बोटं भोकांवर, गाल किंचित फुगलेले, आत हवा नाही. सोळा मात्रा झाल्या आणि नेहमीपेक्षा जास्त टाळ्या पडल्या.

"दादा, काय जागा घेतलीत आज," मास्तर म्हणाले. त्यांना कळलं होतं की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळलं नाही.

दोघं भाऊ घरी निघाले. मग दादा म्हणाला, "माझी जागा तू घेतलीस आणि वाहवा मला मिळाली. बरं आहे."

"तुला राग आला का?"

"राग येण्याएवढा दम असता तर सूर नसता का धरला?"

इथे थांबायला हवं होतं. तेव्हाच म्हणायला हवं होतं, उद्या मोठ्या दवाखान्यात जाऊ, मी दुकान बंद ठेवतो. जीभ तेवढी वळलीही होती. पण दादाने दुसराच विषय काढला आणि वाइंडरने तो काढू दिला. पुढे त्या गोष्टीची सवयच पडून गेली. बाराचे दहा झाले, दहाचे आठ. चहाच्या वेळी दादा हळूच विचारायचा, "आज कितीला आलास?"

"आठला."

"चल, खोटारड्या. सातलाच आलास. मी अजून होतो आत."

दोघं शाळेतल्या पोरांसारखे हसायचे. आपण भावाची लाज राखतोय, असं वाइंडरला वाटायचं. त्यातलं सुख त्याने कोणाला सांगितलं नाही, पण होतं. थोरल्याला आयुष्यात पहिल्यांदाच त्याची गरज पडली होती.

तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर वहिनी बसलेली असायची. मांडीवर पर्स, पर्सवर डावा हात. तो हात काय करत असतो, हे वाइंडरने कधी पाहिलं नव्हतं.

ते कळलं आठ महिन्यांनी, दवाखान्यात. दादाला जिना चढताना घेरी आली आणि आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. डॉक्टर छातीचा फोटो उजेडासमोर धरून म्हणाले, "हे आजचं नाही. वर्षभर दम लागत असणार यांना. तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

"दम लागायचा नाही हो," वहिनी म्हणाली. "विचारलं तर ते सांगायचे नाहीत, म्हणून मी मोजायचे. त्यांचा एक सूर आहे सोळा मात्रांचा. लग्न झालं तेव्हा त्यांनीच मला बोटांवर मोजायला शिकवलं होतं. परवाच्या रविवारपर्यंत सोळाच्या सोळा धरायचे. एक कमी नाही." आणि तिने डॉक्टरांना हात दाखवला. एका बोटाच्या तीन रेषा आणि टोक मिळून चार, चार बोटांच्या सोळा.

वाइंडर तिच्या मागे उभा होता. पलंगावरून दादाने त्याच्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. नको, एवढाच त्या हलण्याचा अर्थ. वाइंडरने तोंड उघडलं नाही. डॉक्टर म्हणाले, "सहा महिने आधी आला असता तर," आणि वाक्य तिथेच ठेवून दुसऱ्या पेशंटकडे गेले.

दादा त्यातून उठला नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला वहिनी सांगायची, शेवटपर्यंत दम होता हो, सोळा मात्रा धरायचे, अचानकच झालं सगळं. ती हे सांगायला लागली की वाइंडर पाणी आणायला आत जायचा. मास्तर एकदा दुकानात येऊन म्हणाले, "आता दादाची जागा तू घे. तुझ्या त्या डबीवर छान वाजेल." वाइंडरने बोट वर केलं, जणू तो वेढे मोजत होता. मास्तर निघून गेले. वाइंडरच्या हातात त्या वेळी तार नव्हती.

सांगायचं त्याने शंभरदा ठरवलं. पण वहिनीला दोष वाटू नये म्हणून गप्प बसतोय की आपला दोष उघडा पडू नये म्हणून, हे त्याचं त्यालाच नीट सुटत नव्हतं. अशी चार वर्षं गेली.

मग एका सकाळी वहिनी टेबलफॅन घेऊन दुकानात आली. मुलगी नोकरीला लागल्याचं सांगितलं, फॅन ठेवला आणि स्टुलावर बसली. भिंतीवरच्या गिटारवरची धूळ बघून म्हणाली, "भाऊजी, तुमच्या हातात ते काहीतरी असायचं वाजवताना. मला वाटायचं, तार छेडायची पट्टी असेल. मुलगी म्हणते, बाबांनी काकाला एक डबी दिली होती. ती कसली?"

वाइंडरने खालचा खण उघडला. डबीतली बॅटरी केव्हाच मेली होती. त्याने तपासणीच्या मीटरमधली काढून तिच्यात घातली. गिटार टेबलावर आडवी ठेवली, टेबलाखालच्या छोट्या स्पीकरला जोडली, तारा ताणून सुरात आणल्या. सहा तारा होत्या. कुठलीही चालली असती. कुठल्याही तारेवर तिला दाखवता आलं असतं की हे असं असं वाजतं, आणि ती बरं म्हणून गेली असती. त्याचा हात थोडा वेळ तसाच वर राहिला. मग त्याने डबी दादाच्या तारेवर ठेवली.

सूर शांततेतून वर आला. वहिनीने डोळे मिटले. तिचा अंगठा आपोआप करंगळीच्या रेषांवरून फिरायला लागला. पहिलं बोट, दुसरं, तिसरं. चौथ्या बोटाच्या टोकाशी अंगठा पोचला तेव्हा तिने डोळे उघडले. सूर थांबला नव्हता. वाइंडरचे दोन्ही हात मांडीवर होते.

"सोळा झाल्या," ती म्हणाली.

"हो."

"आणि हे थांबत नाही?"

"बॅटरी आहे तोवर नाही."

रस्त्यावरून एक हातगाडी गेली.

"कितव्या मात्रेपासून?" तिने विचारलं.

"आधी बारापासून. मग दहा, आठ. शेवटी पाच."

तिने अंगठा दुसऱ्या बोटाच्या पहिल्या रेषेवर आणून ठेवला. "म्हणजे इथून पुढे तुम्ही."

"हो, वहिनी."

"त्यांना माहीत होतं."

"होतं. पण सुरुवात मी केली. त्याला न विचारता. आणि तुम्ही मोजता हे मला माहीत नव्हतं."

"दवाखान्याचा विषय माझ्या ओठांवर दर आठवड्याला यायचा," वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "रात्री ते खोकायचे तेव्हा मी ठरवायचे, उद्या ओढतच नेते. मग रविवार यायचा. सोळा व्हायच्या. मी स्वतःलाच म्हणायचे, बाई, तू उगाच घाबरतेस. असे आठ महिने काढले मी, भाऊजी. तुमच्या बॅटरीवर."

त्याला वाटलं होतं, सांगून टाकलं की काहीतरी हलकं होईल. तसं काही झालं नाही. चार वर्षं जे तो एकटा धरून होता, ते आता दोघांच्या हातात होतं आणि वजन तेवढंच होतं, दोघांनाही पुरेपूर.

"मला सांगायचं होतंत," ती म्हणाली. "तेव्हा नाही, तर दवाखान्यात तरी. मी लोकांना सांगत फिरले."

ती उठली, पर्स खांद्याला लावली. "फॅन कधी होईल?"

"गुरुवारी."

"मुलीला पाठवते न्यायला."

इतकी वर्षं ती स्वतः यायची. काम नसतानाही, बाजारातून जाता जाता दारात उभी राहून दोन शब्द बोलायची. पायरी उतरताना तिने मागे पाहिलं. त्याच्याकडे नाही, गिटारकडे.

"आता सोडा तो," ती म्हणाली, आणि गेली.

वाइंडरने डबी उचलली. तार थोडा वेळ आपल्याआपण वाजत राहिली, मग तिचा तिनेच आवाज आवरला. त्याने बॅटरी काढून मीटरमध्ये परत घातली, फॅन पुढे ओढला, वरची जाळी काढली आणि आतली जळकी तार मोजायला घेतली.