ओमानच्या किनाऱ्याचा हिरवा फोटो

धाकट्या भावाचा पासपोर्ट माझ्या कपाटात होता. वडील गेल्यापासून घरातले महत्त्वाचे कागद माझ्याकडेच. भाऊ हुबळीच्या एका वर्कशॉपमध्ये हंगामी वेल्डर. त्याला ओमानमध्ये, सलालाच्या बंदरावर, पक्की नोकरी मिळत होती आणि एजंटाला सोमवारपर्यंत पासपोर्ट हवा होता.

मी मळमड्डीजवळच्या शाळेत इतिहास शिकवत होते. शिवाय आमचं दुकान दुर्गदबैलच्या बाजारात, धुपाचं. नवा माल आला की वडील एक खडा दाताखाली धरत. मऊ होऊन चिकटला तर खरा, भुगा झाला तर भेसळ. माणसंही मी तशीच पारखत असे.

एजंट रविवारी घरी आला. इस्त्रीची पँट, प्लास्टिकची फाइल.

‘फार जुना देश, बाई.’

‘किती जुना?’

त्याला सांगता येईना. मग मीच सांगितलं. इजिप्त-रोमच्या देवळांत जळायचा तो धूप याच किनाऱ्याचा. पुढे तिथले घोडे जहाजांतून भटकळला उतरले आणि विजयनगरच्या सैन्यात गेले. पोर्तुगीज आले, मस्कतला किल्ले बांधले, हाकलले गेले. मग इंग्रजांचा वचक, आणि आता तेल.

‘अक्का, नोकरी मला हवीय आणि परीक्षा त्यांची घेतेस,’ भाऊ वैतागला.

एजंटाने फाइलीतून फोटो काढला. ‘कामगारांच्या खोल्यांमागचा डोंगर.’

धुकं, हिरवंगार गवत, चरणाऱ्या गाई.

‘हे वाळवंट? हे तर कारवार!’

‘पावसाळ्यात काढलाय, बाई.’

‘वाळवंटात पावसाळा?’

त्याने फोटो फाइलीत परत ठेवला. त्याची चोरी पकडली, असं मी धरून चालले. सोमवारी कपाटाची किल्ली कमरेला लावून शाळेत गेले.

त्या जागेवर वर्कशॉपमधला दुसरा वेल्डर गेला. मी त्याच्या आईला दोनदा विचारलं, ‘पत्रातलं अक्षर त्याचंच ना?’ श्रावणात त्याचा फोटो आला. तोच डोंगर, आणि गुडघाभर गवतात तो उभा. मी फोटो उलटून मागे कुठल्या स्टुडिओचा शिक्का आहे का, तेही पाहिलं. नव्हता.

मग कॉलेजच्या लायब्ररीत गेले. आपलाच नैऋत्य मोसमी वारा सलालाच्या चिंचोळ्या किनारपट्टीला घासून जातो. तीन महिने धुकं आणि रिमझिम असते. डोंगरापलीकडे सगळं कोरडं, आणि धुपाची झाडं तिकडेच. मी मात्र वर्षानुवर्षं मुलांना ‘नुसती वाळू’ असं लिहून देत होते.

त्या संध्याकाळी मी पासपोर्ट भावापुढे ठेवला. त्याने तो स्वतःच्या ट्रंकेत टाकला.

पुढच्या वर्षी शेजारणीकडून कळलं की तो मुंबईला निघालाय, तिथून सलालाला. मी स्टँडवर पोचले तेव्हा तो बसमध्ये बसला होता.

‘एजंट कोण?’ मी खिडकीतून विचारलं.

‘अक्का, बस सुटतेय.’

बस आणखी दहा मिनिटं तिथेच उभी होती.