मातीबाईंची फरशी

माझ्या आत्याला आमच्या शेती संशोधन केंद्रात सगळे मातीबाई म्हणतात. शाळांतून येणाऱ्या पोरांना माती ओळखायला शिकवणं हे तिचं काम. ती पुस्तक उघडत नाही. मूठभर माती भिजवून पोरांच्या तळहातावर ठेवते आणि वळायला सांगते. वळी न तुटता लांबत गेली तर चिकणमाती, भसकन सुटली तर रेताड. आता यात माती सांडणारच, हे कुणालाही कळेल. केंद्राच्या मोठ्या साहेबांना कळत नव्हतं.

वर्ग भरायचा बियाण्यांच्या गोदामात, औषध लावलेल्या पोत्यांना खेटून. पोरं शिंकून शिंकून बेजार व्हायची, वर गोदामवाला सांडलेल्या मातीवरून आत्याचं डोकं खायचा. म्हणून तिला उघड्यावर वर्ग हवा होता: चार खांब, वर पत्रा, हात धुवायला नळ आणि खाली माती. साहेब म्हणाले, खुशाल करा, केंद्राकडे पैसे नाहीत.

जिनं सख्ख्या भावाकडे कधी वाटीभर साखर मागितली नाही, ती दारोदार फिरली. दुकानांच्या पायऱ्या झिजवल्या, रोपं विकली. शिंप्यानं दिले, चहावाल्यानं दिले, पोरांनी खाऊचे दिले. एका बंगलेवाल्यानं तिला दारातूनच घालवलं, तेव्हा घरी येऊन ती माझ्यावर खेकसली. मी तिला पाय शेकायला गरम पाणी आणून दिलं. मी त्याच केंद्रात पंप चालवतो. तिचे सुजलेले पाय मला रोज दिसत होते.

खांब उभे राहिले, पत्रे चढले. नेमकी आत्या खेड्यांच्या दौऱ्यावर गेली आणि साहेबांनी घोळ घातला. फुकट येईल ते घ्यायचं, ही आमच्या केंद्राची जुनी खोड. असंच आलेलं खत जागा नाही म्हणून माझ्या पंपघरात रचलंय. फरशीच्या व्यापाऱ्यानं पांढऱ्याशुभ्र फरश्या देऊ केल्या, साहेबांनी त्या घाईघाईनं मातीवरच बसवून घेतल्या. वर पाटी लावली: 'चपला बाहेर काढाव्यात. माती आत आणू नये.'

मातीच्या वर्गात माती आणू नये! हे सांगताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

आत्यानं येऊन पाटी वाचली आणि तडक साहेबांकडे गेली. देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं, असं त्यांचं म्हणणं. पोरांना माती बरणीतून दाखवा, हात कशाला बरबटायचे. आत्या घरी येऊन न जेवताच झोपली.

उद्घाटनाला व्यापारी नवा कोट घालून पुढच्या खुर्चीत बसला. भाषणं झाली. प्रात्यक्षिकासाठी आत्याला बोलावलं, तर ती पहार घेऊनच आली. टेबलावरच्या बरणीकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही. व्यापाऱ्याच्या पायापुढची फरशी पहिल्याच दणक्यात सुटली.

"अहो बाई, हे काय करताय?" व्यापारी उठलाच.

"तुमची वस्तू तुम्हाला परत करतेय," आत्या म्हणाली आणि फरशी त्याच्या हातात दिली. "मी लोकांपुढे हात पसरला तो मातीसाठी."

मग तिनं त्या उघड्या जागेत तांब्याभर पाणी ओतलं आणि पोरांना जवळ बोलावलं.

तिला लेखी ताकीद मिळाली, पुन्हा फरशीला हात लावायचा नाही. त्या जागेवर साहेबांनी भली मोठी कुंडी ठेवली. आत्या ताकीद शब्दशः पाळते. ती नुसती तांब्या भरून नळापाशी उभी राहते. कुंडी पोरं सरकवतात.

गेल्या आठवड्यात शेजारच्या दोन फरश्याही निघाल्या. साहेब पहार शोधत फिरताहेत. ती माझ्या पंपघरात आहे, त्यांच्याच फुकटच्या खतामागे.