स्वयंपाकघर दुरुस्तीचा अर्ज

तार इंग्रजीत होती, म्हणून होस्टेलच्या मेट्रनबाईंनी न वाचताच ती माझ्या हातात दिली. मोठीआई गेली होती. दमा होता, तोच वाढला. मोठीआई म्हणजे माझ्या बाबांच्या थोरल्या भावाची बायको; माझ्या सगळ्या सुट्ट्या वाशीमजवळच्या शिरपूरला तिच्याजवळ गेल्या. मी पोचले तेव्हा तिला नेऊन झालं होतं आणि मोठेबाबा समोरच्या ओट्यावर बसून आलेल्यांना सांगत होते, "म्या तिले सिमेंटच्या घरात ठेवलं. काई कमी पडू देल्लं नाही." कुणीतरी त्या ओट्यावरून हात फिरवत म्हणालं, "नशीबवान होती बाई." चारचौघांत बोलायचा माझा स्वभाव नाही. म्हणून हे आता, दोन महिने उलटल्यावर, लिहिते आहे.

मोठेबाबांना घर दुरुस्त करण्याची हौस होती. सुट्टी लागली की शर्ट काढून, हातात थापी घेऊन उभे. दरवर्षी चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी समोरची बैठक नव्यानं रंगायची. आधी पिवळी, मग दवाखान्यासारखी हिरवी. कौलं जाऊन टिनपत्रे आले, दाराला नवी फळी आली. घर एसटीच्या रस्त्यावर. देवळाला जाणारे यात्रेकरूसुद्धा मान वळवून बघतात, असं ते कौतुकानं सांगायचे. मागचं स्वयंपाकघर मात्र होतं तसंच राहिलं. मातीच्या भिंती, आणि खिडकी नाही. चुलीचा धूर वर जाऊन पुन्हा खाली उतरायचा. आढ्याची काजळी ओघळून परातीत पडायची. मोठीआई ती बोटानं उचलून टाकायची आणि पुढची भाकर थापायची. मला तिथं जेवायची किळस यायची. तिला ते कळत असावं. माझं ताट ती खोकत खोकत अंगणात आणून द्यायची.

"एक खिडकी पाडा म्हन त्याईले," ती मला म्हणायची. "तू इंग्रजी शायेतली. तुह्यं आयकतीन."

मी एकदाच, कसंबसं, विषय काढला. मोठेबाबा हसले. "सैपाकघर कोन पायते, बेटा? पाहुना काय चुलीपाशी बसते?"

"मंग आजपासून मी बी पाहुनीच," मोठीआई आतून ओरडली. "मले बैठकीत बसवा अन् चा पाजा!"

सगळे हसले. मीसुद्धा.

सिमेंट सरकारी परमिटवर मिळतं. अर्ज इंग्रजीत असला की साहेब लवकर सही करतो, असं मोठेबाबांचं मत. तेव्हा अर्ज मी लिहायचा, आणि कारण द्यायचं स्वयंपाकघराच्या दुरुस्तीचं. मी लिहिला. धूर, तिचे लाल डोळे, तो खोकला... जे मला तोंडानं सांगता आलं नव्हतं ते सगळं त्या कागदावर उतरलं. तिला मी तो मराठीत सांगितला. ती पदरानं नाक पुसत म्हणाली, "आता होते वं माय."

परमिट मिळालं. पुढच्या सुट्टीत मी गेले तर घरासमोर लाल, घोटीव ओटा, आणि त्याच्या कडेला खिळ्यानं कोरलेलं मोठेबाबांचं नाव. तिच्या खोकल्यावर मागून आणलेलं सिमेंट... "अर्ज चांगला लिवला होता तुनं," एवढंच मोठीआई म्हणाली. माझ्याकडे न बघता.

त्याच सुट्टीत मोठेबाबा दोन दिवस वाशीमला गेले आणि तिनं सब्बल, म्हणजे पहार, उचलली. दुपारपर्यंत भिंतीत ताटाएवढं भोक पडलं होतं. त्यात तोंड घालून ती हाका मारत होती, "ये इकडं, पाय! येथून लिंब दिसते, त्याच्यावरचे राघू दिसतेत!" तिच्या केसांत, पापण्यांवर माती होती आणि ती लहान मुलीसारखी हसत होती. मोठेबाबा आले, त्यांनी पाहिलं. "चोराले वाट करून देल्ली का?" उरलेलं सिमेंट कालवून त्यांनी ते भोक विटांनी बुजवलं. मातीच्या भिंतीवर सिमेंट धरत नाही. दर पावसाळ्यात तो गिलावा सुटायचा आणि दर वर्षी ते पुन्हा थापायचे. त्या स्वयंपाकघरात नेमानं झालेली दुरुस्ती ती एवढीच.

मोठीआईसाठीच्या पुण्यानुमोदनाच्या विधीच्या दिवशी, लोकांची जेवणं आटोपल्यावर, मोठेबाबांनी मला बाजूला घेतलं. दादाचं, म्हणजे त्यांच्या मुलाचं, रिठद गावी लग्न जमत होतं. मुलीच्या बापानं स्वयंपाकघर पाहून आधी खिडकी करा म्हणून सांगितलं होतं. "तसाच एक अर्ज लिवून दे बाप्पा," ते म्हणाले. "तुह्या हातचा पावते." त्यांच्या मिशीला वरण लागलं होतं. मी खाली बघत राहिले. नाही म्हणायचं ओठांवर आलं होतं... पण मग त्या धुरात रिठदची ती मुलगी बसली असती.

मी लिहिला. देताना म्हटलं, "पोती चुलीपाशी उतरवा. मी येऊन बघीन." मोठेबाबांनी कागद घडी घालून खिशात ठेवला.

गेल्या आठवड्यात मी खरंच गेले. खिडकी पाडून झाली होती, लिंब दिसत होता. मिस्त्री मागच्या दाराची चौकट दाखवत म्हणाला, "बाई, हे खरवडून रंग मारतो." उजव्या खांबावर, माझ्या खांद्याच्या जरा खाली, पीठ आणि काजळी बसून लाकूड काळं, गुळगुळीत झालं होतं. दोन भाकरींच्या मध्ये ती तिथं येऊन उभी राहायची, पिठाच्या हातानं चौकट धरून.

"नको," मी म्हटलं. "राहू द्या."

मी तिथं हात ठेवून पाहिला. तिच्यासारखं जरा बाहेर वाकलं की तोंडाला वारा लागतो. इतकी वर्षं त्या स्वयंपाकघरात तो तेवढ्याच जागी लागत होता.